नवी इमारत, जुनी गल्ली : पार्किंग आणि वाहतुकीबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या गल्लीतल्या चार जुन्या तीन मजली सोसायट्या एकापाठोपाठ पुनर्विकासाला गेल्या आहेत. प्रत्येक ठिकाणी पार्किंग अधिक सात मजले होणार आहेत. गल्ली अरुंद, आत्ताच रात्री गाडी वळवता येत नाही. महापालिका वाहतुकीवर होणारा परिणाम तपासत नाही का? आम्हाला हरकत घेता येते का? (पुणे)

साध्या निवासी इमारतीसाठी स्वतंत्र वाहतूक अभ्यास मागितला जात नाही, आणि बांधकाम परवानगीच्या फाइलवर शेजाऱ्यांची सुनावणी होत नाही. एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम 47 मधलं अपीलसुद्धा अर्जदारासाठी आहे, शेजाऱ्यासाठी नाही. हे आधी स्पष्ट सांगतो, कारण अनेक सोसायट्या 'हरकतीची मुदत' शोधण्यात महिने घालवतात आणि तोवर जोत्याचं काम झालेलं असतं.

वाहतुकीचा विचार नियमात आहे, तो रस्त्याच्या रुंदीच्या रूपाने. मुंबई महापालिका आणि काही विशेष क्षेत्रं सोडली तर राज्यभर 2020 ची एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, लागू आहे. दाट वस्तीबाहेरच्या भागात महापालिका हद्दीत 9 मीटरपेक्षा कमी रस्त्यावर मूळ 1.10 एफएसआय (भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण) मिळतो. प्रीमियम (महापालिकेला पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) नाही, टीडीआर (दुसऱ्या जागेवरून आणलेला विकास हक्क) नाही. रस्ता 9 मीटर झाला की 0.50 प्रीमियम आणि 0.40 टीडीआर मिळून तो 2.00 वर जातो. 12 मीटरला 2.25, 15 मीटरला 2.50, 24 मीटरला 2.75, 30 मीटरला 3.00. शिवाय निवासी वापरात या आकड्यावर 60 टक्क्यांपर्यंत पूरक एफएसआय पैसे भरून घेता येतो. म्हणजे 1000 चौरस मीटरच्या भूखंडावर 9 मीटर रस्त्याच्या जोरावर 2000 आणि पूरक 1200, असं 3200 चौरस मीटरपर्यंत बांधकाम बसतं.

म्हणून तुमच्या गल्लीतला सगळ्यात महत्त्वाचा आकडा रस्त्याच्या रुंदीचा आहे. पुण्यात 2020 मध्ये 6 मीटरचे 323 रस्ते 9 मीटर करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा वाद होण्याचं कारणही हेच होतं. असं रुंदीकरण दोन्ही बाजूंचे भूखंड दीड-दीड मीटर मागे सरकवून होतं. पुनर्विकासाला गेलेला भूखंड जागा सोडतो, शेजारचा जुना बंगला सोडत नाही. परिणामी नव्या इमारतीला 9 मीटरचा एफएसआय मिळतो आणि गल्लीच्या तोंडाशी रस्ता मात्र 6 मीटरच राहतो. कचऱ्याची गाडी आणि शाळेची व्हॅन समोरासमोर येते ती नेमकी तिथेच.

आता करायचं काय? एका रविवारी सकाळी टेप घेऊन गल्ली मोजा. तोंडापासून टोकापर्यंत दर 25 मीटरला दोन मापं घ्या : कुंपण ते कुंपण आणि डांबर ते डांबर. विजेचे खांब, डीपी, झाडं, पायऱ्या यांमुळे जिथे रुंदी कमी होते तिथे फोटो काढा आणि मापाची टेप फोटोत दिसू द्या. मग रात्री 11 नंतर रस्त्यावर उभ्या कार आणि दुचाकी मोजा. एक दिवस शनिवार-रविवारचा आणि एक मधल्या वाराचा. रात्रीची मोजणी अशासाठी, की त्या वेळी दिसतात त्या रहिवाशांच्या गाड्या, दुकानात आलेल्या ग्राहकांच्या नव्हेत. गल्ली आत्ताच भरलेली असेल तर नव्या इमारतीत कमी पडणारी प्रत्येक जागा थेट रस्त्यावर येणार, हे त्यातून सिद्ध होतं.

हे कागद जोडून शहर अभियंत्यांना आणि बांधकाम परवानगी विभागाला लेखी विचारा. 'वाहतूक वाढेल' असं मोघम लिहू नका. त्या पत्राला 'नोंद घेतली' यापलीकडे उत्तर येत नाही. असं लिहा : 'मंजूर नकाशात रस्त्याची रुंदी 9 मीटर दाखवली आहे. प्रत्यक्ष मोजणीत अमुक भूखंडासमोर ती 6.2 मीटर आढळली. एफएसआय कोणत्या रुंदीवर मंजूर केला, ती रुंदी अस्तित्वातली की प्रस्तावित, आणि प्रस्तावित असल्यास उरलेलं रुंदीकरण कधी होणार, हे कळवावे.' याला आकड्यात उत्तर द्यावं लागतं. उत्तर आलं नाही तर तोच मजकूर माहिती अधिकारात, 10 रुपये शुल्क आणि 30 दिवसांची मुदत. नकाशात खोटी मापं दाखवून परवानगी घेतल्याचं निघालं तर महापालिका अधिनियमाच्या कलम 258 खाली आयुक्त ती रद्द करू शकतात, आणि एमआरटीपीच्या कलम 51 खाली काम पूर्ण होण्याआधी मंजुरी रद्द करता किंवा बदलता येते. ही कलमं क्वचित वापरली जातात, पण पत्रात त्यांचा उल्लेख असला की फाइल कनिष्ठ अभियंत्याच्या टेबलावर पडून राहत नाही.

चारही सोसायट्यांनी एकत्र यावं, असं आम्हाला मनापासून वाटतं. प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे मंजूर होते आणि बेरीज कुणीच करत नाही. चौघांची मिळून एकच सामायिक मागणी असेल (कुंपणं एकाच रेषेत मागे, फाटकं समोरासमोर नाहीत, खांब भूखंडाच्या कडेला सरकवलेले) तर गल्ली खरोखर सुधारते. विकासकाशी करार होण्याआधी ही मागणी करारात घालता येते. नंतर ती विनंती उरते.

प्रश्न : नव्या फ्लॅटचं पार्किंग मिळालं, पण खांबामुळे कारचं दार उघडत नाही. बिल्डर म्हणतो, नकाशात जागा आहे. (नाशिक)

यूडीसीपीआरमध्ये कारच्या जागेचं माप 2.5 गुणिले 5 मीटर आहे आणि दुचाकीचं 1 गुणिले 2 मीटर. प्रश्न हा, की 2.5 मीटर मोजले कुठून? नकाशात रेघ अनेकदा खांबाच्या मध्यातून जाते. खांब 30 सेंटीमीटरचा असेल आणि दोन्ही बाजूंना खांब असतील तर हातात 2.2 मीटर उरतात. साधी हॅचबॅक सुमारे 1.7 मीटर रुंद असते. उरलेल्या अर्ध्या मीटरची दोन्ही बाजूंना वाटणी केली की दाराला 25 सेंटीमीटर येतात. माणूस उतरू शकत नाही.

महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, एप्रिल 2024 मध्ये याच तक्रारींवरून आदेश काढला : आच्छादित पार्किंगचा क्रमांक, लांबी, रुंदी, उंची आणि इमारतीतलं नेमकं ठिकाण वाटपपत्रात आणि विक्री करारात परिशिष्ट म्हणून जोडलंच पाहिजे. तुमचा करार त्यानंतरचा असेल तर ते परिशिष्ट काढा आणि टेप लावा. रुंदी खांबाच्या पृष्ठभागापासून पृष्ठभागापर्यंत मोजा. उंची स्लॅबपर्यंत मोजू नका, तुळईच्या खालच्या कडेपर्यंत मोजा, आणि तुळईखालून ड्रेनेजचा पाइप जात असेल तर पाइपपर्यंत. माप जुळत नसेल तर ताबा घेताना लेखी नोंद करा आणि महारेराकडे तक्रार करा. करार जुना असेल तर मंजूर नकाशा महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर पाहा. त्यासाठी माहिती अधिकाराची गरज नाही.

उघड्या जागेवरचं पार्किंग बिल्डरने पैसे घेऊन दिलं असेल तर तो वेगळाच विषय. उघडी जागा सोसायटीची सामायिक जागा असते, ती विकता येत नाही. मोफा, म्हणजे महाराष्ट्राच्या जुन्या फ्लॅट मालकी कायद्याखालच्या इमारतींबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये पांचाली सोसायटीच्या खटल्यात स्टिल्टखालची (खांबांवर उभ्या इमारतीच्या तळाची मोकळी) जागासुद्धा फ्लॅटसारखी स्वतंत्र विकता येत नाही, असा निकाल दिला.

प्रश्न : समोर मोठी इमारत होते आहे. सगळं पार्किंग यांत्रिक मनोऱ्यात आहे. संध्याकाळी गाड्यांची रांग रस्त्यावर येईल अशी भीती वाटते. ती खरी आहे का? (ठाणे)

आकडे मांडून पाहा. समजा एका लिफ्टला गाडी आत घेऊन पुढच्यासाठी रिकामी व्हायला अडीच मिनिटं लागतात. तासाला 24 गाड्या झाल्या. संध्याकाळी सात ते आठ या वेळात 40 गाड्या आल्या तर तासाअखेर 16 गाड्या बाहेर उभ्या. रांगेत एका गाडीला मागचं-पुढचं अंतर धरून सुमारे 6 मीटर लागतात, म्हणजे 96 मीटरची रांग. त्याच वेळी कुणाला गाडी बाहेर काढायची असेल तर लिफ्ट तिकडे जाते आणि रांग आणखी वाढते.

म्हणून मनोऱ्यात किती गाड्या बसतात हा आकडा तुमच्या कामाचा नाही. विचारायचं ते हे : लिफ्ट किती, आत घेणं आणि बाहेर काढणं मिळून एका फेरीला उत्पादकाच्या प्रमाणपत्रानुसार किती सेकंद, आणि फाटकाच्या आत किती गाड्या थांबू शकतात. तिसरा आकडा सगळ्यात मोलाचा. वरच्या उदाहरणात दुसरी लिफ्ट घातली तर तासाला 48 गाड्या होतात आणि रांग जवळपास संपते. लिफ्ट वाढवणं परवडत नसेल तर फाटक आत सरकवून 8-10 गाड्यांची जागा आवारात द्यायला हवी.

वीज गेली तर मनोरा जनरेटरवर चालतो का, देखभाल करार किती वर्षांचा, आणि उंच एसयूव्ही किती कप्प्यांत मावतात, हेही विचारा. बऱ्याच यंत्रणांत सगळे कप्पे सेडानच्या उंचीचे असतात. मग एसयूव्ही घेणारा रहिवासी पहिल्या दिवसापासून रस्त्यावर. एकावर एक अशा दोन थरांच्या साध्या स्टॅकमध्ये अडचण आणखी वेगळी : खालची गाडी काढल्याशिवाय वरची खाली येत नाही. एकाच कुटुंबाच्या दोन गाड्यांना तो ठीक, दोन वेगळ्या फ्लॅटना दिला की वर्षभरात एक जण गाडी बाहेर लावू लागतो.

तळघर असेल तर उतार तपासा. 1:10 उताराने साडेतीन मीटर खाली जायला 35 मीटर लांबी लागते. भूखंडच 30 मीटर खोल असेल तर रॅम्प वळवावा लागतो, आणि वळणावर 3 मीटर रुंदी पुरत नाही. रॅम्प थेट फाटकाला लागून सुरू होत असेल तर वर येणाऱ्या चालकाला बॉनेटपलीकडचा पदपथ दिसत नाही. फाटक आणि रॅम्प यांच्यामध्ये किमान एका गाडीएवढी, 6 मीटर सपाट जागा हवी. शेजारी शाळा असेल तर ही मागणी सोडू नका.

प्रश्न : प्रकल्पाच्या पर्यावरण मंजुरीत 'वाहतुकीवर नगण्य परिणाम' असं लिहिलं आहे. हा अहवाल सामान्य माणसाला तपासता येतो का? (मुंबई उपनगर)

येतो, आणि तपासलाच पाहिजे. मोठ्या इमारतींच्या वाहतुकीचं लेखी गणित जनतेला हमखास पाहायला मिळतं ते इथेच.

केंद्राच्या 2006 च्या पर्यावरण मंजुरीच्या अधिसूचनेनुसार 20,000 चौरस मीटर आणि त्याहून जास्त बांधकामाला पूर्व पर्यावरण मंजुरी लागते. या क्षेत्रात तळघर आणि सेवा क्षेत्रंही धरली जातात. त्यामुळे एफएसआयच्या आकड्यात 12-13 हजार दिसणारा प्रकल्प पार्किंगचे मजले धरून मर्यादेत येऊ शकतो. इमारत प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे, पण अर्ज, सादरीकरण आणि राज्यस्तरीय समितीची इतिवृत्तं केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर असतात. समितीकडे प्रकरण असतानाच पत्र पाठवा. मंजुरी मिळाल्यावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे 30 दिवसांत अपील करावं लागतं. पुरेसं कारण असेल तर आणखी 60 दिवस मिळतात, त्यापुढे नाही. पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे.

अहवालात आधी मोजणीची तारीख पाहा. मे महिन्याची सुट्टी, गणपती, दिवाळी, जोडून आलेल्या सुट्ट्या यांतली मोजणी निरुपयोगी. मग वेळ पाहा : सकाळी आणि संध्याकाळी किमान तीन-तीन तास, 15-15 मिनिटांच्या नोंदी हव्यात.

पुढची पायरी पीसीयूची. सगळी वाहनं कारच्या मापात बदलण्याचा हा गुणक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी 106 मध्ये दुचाकीला 0.5 धरायचं ते दुचाकींचं प्रमाण 5 टक्क्यांच्या आसपास असेल तेव्हा. 10 टक्के किंवा जास्त असेल तर 0.75. रिक्षाला तसंच 1.2 आणि 2.0. आपल्या शहरात दुचाकी 10 टक्क्यांहून कमी असलेला रस्ता शोधून सापडणार नाही. तरीही अहवालात 0.5 घातलं की 1000 दुचाकींचे 750 ऐवजी 500 होतात, आणि अडीचशे कारएवढी वाहतूक कागदावरून नाहीशी होते.

खरी मेख मात्र रस्त्याच्या क्षमतेत असते. त्याच आयआरसी 106 मध्ये दोन पदरी, दुतर्फा रस्त्यावर किती वाहतूक धरावी याची शिफारस तीन प्रकारे दिली आहे : ज्याला थेट फाटकं लागत नाहीत, वाहनं उभी राहत नाहीत, आडवी वाहतूक जवळपास नाही अशा रस्त्याला ताशी 1500 पीसीयू, फाटकं लागतात पण वाहनं उभी राहत नाहीत त्याला 1200, आणि जिथे फाटकं, उभी वाहनं, आडवी वाहतूक सगळंच आहे तिथे 900. तुमच्या रस्त्यावर भाजीच्या गाड्या आणि दोन्ही बाजूंना पार्किंग असेल तर तो 900 चा रस्ता आहे. समजा मोजणीत 800 पीसीयू आले आणि प्रकल्पामुळे 150 वाढणार आहेत. 1500 ने भागलं तर 0.63 येतं, म्हणजे 1 च्या बरंच आत, 'परिणाम नगण्य'. 900 ने भागलं तर आजचंच प्रमाण 0.89 आहे आणि उद्याचं 1.06. मोजणी तीच, गाड्या त्याच. फक्त रस्त्याचं नाव बदललं. समितीला लिहिताना हा एकच परिच्छेद, रस्त्याच्या दोन फोटोंसह, पुरेसा असतो. दहा पानी निवेदनापेक्षा तो जास्त वाचला जातो.

आणखी एक तपासा : शेजारी मंजूर झालेले पण अजून न उभे राहिलेले प्रकल्प बेरजेत धरले आहेत का. बहुतेक वेळा नसतात. महारेराच्या संकेतस्थळावरून एक किलोमीटरच्या आतले नोंदणीकृत प्रकल्प आणि त्यांची घरं मोजून तो तक्ता जोडा.

मंजुरी मिळून गेली असेल तरी विकासकाला दर सहा महिन्यांनी, 1 जून आणि 1 डिसेंबरला, अटींच्या पालनाचा अहवाल द्यावा लागतो. 'पार्किंगसाठी सार्वजनिक रस्ता वापरू नये' अशी अट मंजुरीपत्रांत सर्रास असते. ती मोडली जात असेल तर तारीख-वेळ असलेले फोटो प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पाठवा.

प्रश्न : बांधकाम चालू असताना ट्रक आणि काँक्रीटच्या गाड्या रस्ता अडवतात. (पनवेल)

स्लॅबच्या दिवसाचा अंदाज आधीच बांधता येतो. 600 चौरस मीटरच्या स्लॅबला तुळयांसह सरासरी 20 सेंटीमीटर जाडी धरली तर 120 घनमीटर काँक्रीट लागतं. 6 घनमीटरच्या मिक्सरच्या 20 खेपा. काँक्रीट मिसळल्यापासून साधारण दोन तासांत ओतावं लागतं, म्हणून गाड्या थांबवून ठेवता येत नाहीत आणि एकामागे एक येऊन रस्त्यातच उभ्या राहतात. पंप आवाराच्या आत उभा करणं आणि दोनच मिक्सर गेटवर, बाकीचे ठरलेल्या दूरच्या जागी थांबवून फोनवर बोलावणं, एवढ्याने निम्मा त्रास जातो. स्लॅबची तारीख दोन दिवस आधी सोसायटीला कळवावी आणि शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळा सोडाव्यात, असं ठेकेदाराकडून लेखी घ्या. रस्ता व्यापायचा असेल तर वाहतूक पोलिसांची परवानगी लागते. तिची प्रत गेटवर लावायला सांगा.

प्रश्न : इमारत पूर्ण झाली. नकाशात स्टिल्ट पार्किंग होतं, तिथे आता शटर लागून दुकानं निघाली आहेत. (कोल्हापूर)

भोगवटा प्रमाणपत्र मिळालं आहे का, हे आज पाहा. मिळालं नसेल तर तुमची बाजू सगळ्यात बळकट आहे. 'भोगवटा देण्यापूर्वी पार्किंगची जागा प्रत्यक्ष मोजावी आणि पाहणीचा अहवाल द्यावा' असं पत्र नगररचना विभागाला द्या, पोच घ्या आणि शटरचे फोटो जोडा. मंजूर नकाशातल्या पार्किंगची संख्या, दुचाकींसह आणि पाहुण्यांसाठीच्या 5 टक्क्यांसह, पत्रात लिहा. पाहुण्यांची जागा सगळ्यात आधी गिळली जाते, कारण ती कुणाच्याच नावावर नसते.

प्रमाणपत्र आधीच दिलं असेल आणि शटर नंतर लागलं असेल, तर तो मंजुरीविरुद्धचा बदल आहे; एमआरटीपीच्या कलम 53 खाली नोटीस देऊन जागा पूर्ववत करून घेता येते. दुकान सुरू होऊन भाडेकरार झाला की प्रकरण दिवाणी न्यायालयात अडकतं आणि वर्षं जातात. शटर दिसल्याच्या आठवड्यातच तक्रार करा. अग्निशमन विभागालाही प्रत पाठवा : आगीचा बंब आत यायला फाटक साडेचार मीटर रुंद आणि उंच इमारतीभोवती 6 मीटर मोकळी वाट लागते. स्टिल्टमधून हुसकलेल्या गाड्या आधी त्याच वाटेवर लागतात. अग्निशमन अधिकाऱ्याचा शेरा आला की नगररचनेला पाहणी टाळता येत नाही.